लग्नाचा आहेर

परवा भाच्याने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. सांगलीकडचा कुणाच्या तरी हळदीचा कार्यक्रम. मांडवाच्या कडेला स्टेज, मागे दादाच्या ऑर्केस्ट्राचा बॅनर, आणि पुढे विशीतला एक पोरगा ऑक्टोपॅडवर बसलेला. खाली भाच्याची ओळ : "मामा, दादामामाचा नवीन पोरगा बघ की, कसला वाजवतोय!"

पोरगा खरंच छान वाजवत होता. पण मी दचकलो ते वेगळ्याच कारणाने. तो वाजवत होता ती सुरुवात माझी होती. म्हणजे अक्षरशः माझी. आधी हलगीचा ठेका, मग त्यावर ढोलकी, मग मध्येच दीड मात्रेची गप्प जागा, आणि तिच्यानंतर धाडकन सगळी मंडळी एकदम. ही गप्प जागा मी १९९६ च्या मे महिन्यात मामाच्या माळ्यावर बसून शोधली होती. उकाड्याने जीव जात होता आणि दादा खालून "अरे पाणी पी मधनं मधनं" म्हणून ओरडत होता.

घरच्या मंडळींना पुढचं माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. ऑर्केस्ट्रा त्याचा, नाव त्याचं, सुपाऱ्या घेणारा तोच. मी त्यात पाच वर्षं वाजवलं. १९९८ मध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना परीक्षेपायी माझ्या दोन सुपाऱ्या बुडाल्या. तिसऱ्या वेळी पुण्याहून एसटीने पोचलो तर माझ्या स्टुलावर दुसराच मुलगा. दादाने कारण दिलं नाही, की भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तू आज साउंडवर बस." मी बसलो. त्यानंतर पुन्हा कधी गेलो नाही. लग्नाकार्यात भेटतो, "काय, कसं काय?" होतं, तेवढंच.

तर तो व्हिडिओ बघून मला पहिल्यांदा आठवण झाली ती दादाची नाही, एका इंग्रज माणसाची. त्याची गोष्ट सांगायची म्हणूनच आज लिहायला बसलोय.

२००६ ते २००८ मी कंपनीच्या कामासाठी इंग्लंडात, लीड्सला होतो. जेवणाच्या सुट्टीत एकदा बोलता बोलता मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो हे निघालं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एक सीडी आणून ठेवली. "आमच्या लीड्सचा बँड," म्हणाला. बँडचं नाव 'द वेडिंग प्रेझेंट'. मला हसूच आलं. लग्नाचा आहेर! आमच्या दादाच्या ऑर्केस्ट्राला शोभलं असतं असं नाव. पण या मंडळींनी लग्नात वाजवल्याचं ऐकिवात नाही. उलट यांची गाणी बहुतेक मोडलेल्या प्रेमाची. ती सोडून गेली, हा तिला रस्त्यात भेटला, काय बोलावं ते सुचलं नाही, आणि जे बोलला ते चुकीचं बोलला. काव्यबिव्य फार नाही. दोन माणसं स्वयंपाकघरात उभी राहून भांडताना जशी बोलतात तसे शब्द, आणि त्याखाली गिटार इतकी जलद की पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतोय असं वाटावं.

बँडची सुरुवात १९८५ ची. डेव्हिड गेज हा गाणी लिहिणारा आणि गाणारा. जन्म लीड्सचा, वाढला मँचेस्टरजवळच्या मिडलटनमध्ये आणि गणित शिकायला परत लीड्स विद्यापीठात आला. (गणित शिकून गिटार वाजवणारा माणूस मला तिथेच जवळचा वाटला.) त्याच्याबरोबर दुसऱ्या गिटारवर पीटर सोलोव्का, बासवर कीथ ग्रेगरी आणि ड्रमवर शॉन चारमन. कंपन्यांच्या दारात उभं न राहता यांनी आपलंच लेबल काढलं. त्याचं नाव 'रिसेप्शन रेकॉर्ड्स'. आहेर म्हटल्यावर रिसेप्शन आलंच! १९८६ मध्ये 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाने नव्या बँडांची 'सी-८६' नावाची कॅसेट काढली, तीत यांचं एक गाणं होतं. पुढे त्या कॅसेटचं नावच त्या प्रकारच्या संगीताला पडलं. १९८७ मध्ये पहिला अल्बम आला. नाव 'जॉर्ज बेस्ट', आणि मुखपृष्ठावर मँचेस्टर युनायटेडचा तो लाडका फुटबॉलपटू, साक्षात जॉर्ज बेस्ट.

इथपर्यंत चार मित्रांची नेहमीची गोष्ट. पण दुसऱ्याच वर्षी, १९८८ मध्ये, चारमन बाहेर पडला आणि सायमन स्मिथ आला. गळती सुरू झाली ती तेव्हापासून.

मधल्या काळात एक मजेशीर प्रकार झाला. सोलोव्काचे वडील युक्रेनचे. बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील नावाचे एक निवेदक होते. ज्यांना कुणी विचारत नाही अशा बँडांना ते स्टुडिओत बोलावून ध्वनिमुद्रण करायचे. या पील साहेबांवर इंग्लंडातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. आपल्याकडे सिलोनवर अमीन सयानींना ऐकणाऱ्यांना हे नातं सांगायला नको. तर अशाच एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी सोलोव्काने सहज एक युक्रेनी लोकधून छेडली, आणि त्यातून पुढे बँडने पील यांच्या कार्यक्रमासाठी युक्रेनी लोकगीतंच वाजवली. त्या भाषेत गाणारा आणि व्हायोलिन वाजवणारा लेन लिगिन्स बाहेरून आणला. मेंडोलिन आलं, अकॉर्डियन आलं. मग बँड 'आरसीए' या बड्या कंपनीत गेला. कंपनीने १९८९ मध्ये यांची पहिली रेकॉर्ड काढली ती कुठली? तर हीच, युक्रेनी गाण्यांची! ज्या कंपनीने एल्विस प्रेस्ली विकला, तिने या पोरांना घेतलं आणि पहिल्या घासाला तिच्या ताटात लोकगीतं पडली. त्याच वर्षी मग 'बिझारो' हा त्यांचा इंग्रजी अल्बमही आला.

पुढचा अल्बम 'सीमॉन्स्टर्स', १९९१ चा. मला सर्वांत आवडतो तो हाच. ध्वनिमुद्रण अमेरिकेत मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स गावी, पॅकिडर्म स्टुडिओत. ते करणारा स्टीव्ह अल्बिनी. हा गृहस्थ स्वतःला 'निर्माता' म्हणवून घ्यायचा नाही. मी फक्त रेकॉर्ड करतो म्हणायचा, ठरलेली मजुरी घ्यायचा आणि विक्रीतला वाटा घेत नसे. बँड समोर उभा करायचा, वाजवायला लावायचा, आणि खोलीत जसा आवाज येतो तसाच टेपवर उतरवायचा. त्यामुळे 'सीमॉन्स्टर्स'मध्ये गिटार अंगावर येते आणि गेजचा आवाज तिच्याखाली दबल्यासारखा. ज्याच्या हातून सगळं निसटून चाललंय तो माणूस असाच बोलणार, असं मला ऐकताना वाटतं. गाण्यांची नावंही एकेका शब्दाची. जास्त बोलायची ताकदच उरली नसावी!

त्याच वर्षी सोलोव्काला बँडमधून काढलं. सोडून गेला नव्हता, काढला. संस्थापकांपैकी एक, आणि ती युक्रेनी गाणी आणणारा. हे वाचलं तेव्हा मी लीड्सच्या एका खोलीत रात्री अकरा वाजता लॅपटॉपपुढे बसलो होतो. माझ्या डोळ्यांपुढे ते स्टूल आलं.

आता १९९२. या बँडचं नाव ज्यामुळे विक्रमांच्या पुस्तकात गेलं ते वर्ष. कल्पना अशी की दर महिन्याला एक नवं गाणं, सात इंची तबकडीवर. कालनिर्णयच्या पानासारखं, जानेवारीचं जानेवारीत आणि फेब्रुवारीचं फेब्रुवारीत. प्रत्येक तबकडीच्या फक्त १०,००० प्रती. मागच्या बाजूला दुसऱ्या कुणाचं तरी गाणं यांच्या पद्धतीने. नील यंगपासून ते डिसेंबरात एल्टन जॉनच्या नाताळच्या गाण्यापर्यंत. ध्वनिमुद्रणाला चार निर्माते, प्रत्येकाकडे तीन महिने. त्यांतला एक जिमी मिलर, म्हणजे रोलिंग स्टोन्सच्या गाजलेल्या रेकॉर्ड्स ज्याने केल्या तो.

यातली गंमत हिशेबाची आहे. ब्रिटनची लोकप्रिय गाण्यांची यादी त्या त्या आठवड्याच्या विक्रीवर ठरायची. चाहत्यांना ठाऊक की १०,००० संपले की संपले, म्हणून सगळे पहिल्याच आठवड्यात दुकानात. गाणं यादीत वर चढायचं आणि पुढच्या आठवड्यात गायब! बाराच्या बारा गाणी पहिल्या तिसांत आली, मे महिन्यातलं तर दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. एका वर्षात अशी १२ गाणी हा विक्रम १९५७ पासून एल्विसच्या नावावर होता, त्याची बरोबरी झाली. लोक म्हणाले ही चलाखी आहे. असेलही. पण दर महिन्याला एक गाणं लिहून, वाजवून, छापून वेळेवर देणं ही काही नुसती चलाखी नव्हे. मला महिन्याला एक लेख इथे टाकताना काय होतं ते तुम्ही बघताच आहात!

आणि ही कल्पना कुणाची? बासवाल्या कीथ ग्रेगरीची. अमेरिकेतलं 'सब पॉप' हे लेबल वर्गणीदारांना दर महिन्याला अशी तबकडी पाठवायचं, त्यावरून त्याला सुचली. १९९३ मध्ये ग्रेगरीही गेला.

म्हणजे बघा. या बँडबद्दल लोक ज्या दोन गोष्टी हमखास सांगतात, युक्रेनी गाणी आणि बारा महिन्यांची बारा गाणी, त्या ज्यांच्या डोक्यातून आल्या ते दोघेही आठ वर्षांत बँडमध्ये नव्हते. नाव मात्र तेच राहिलं, आणि नावाखाली गेज. मला हे तेव्हा फार लागलं होतं. मनात म्हटलं, जगात सगळीकडे दादाच आहेत!

पुढचं भराभर सांगतो. १९९४ ला सिएटलमध्ये 'वाटुसी', १९९६ ला 'सॅटर्नेलिया'. कंपन्या बदलल्या, गिटारवाले बदलले, बासवाले बदलले. १९९७ मध्ये गेजने हे नाव बाजूला ठेवलं आणि आपली मैत्रीण सॅली मरेल हिच्याबरोबर 'सिनेरामा' नावाचा वेगळा संसार थाटला. गिरणीचा पट्टा बंद. त्याऐवजी व्हायोलिनं, बासरी, जुन्या सिनेमांच्या पार्श्वसंगीताची ऐट. तीन अल्बम झाले, आणि मग ते चौदा वर्षांचं नातं मोडलं. गेज सिएटलला गेला आणि त्याने जी गाणी लिहिली ती ऐकल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की हे सिनेरामाचं नाही, हे जुन्या नावाचं आहे. २००५ मध्ये 'टेक फाउंटन' आला, 'द वेडिंग प्रेझेंट' या नावाने. आदल्या ऑक्टोबरात, २००४ मध्ये, जॉन पील पेरूमध्ये असताना अचानक वारले होते. ज्याने यांना पहिल्यापासून वाजवलं त्याला हा अल्बम वाजवायला मिळाला नाही.

आणि आता मी प्रत्यक्ष पाहिलेला भाग. २००७ मध्ये 'जॉर्ज बेस्ट'ला वीस वर्षं झाली म्हणून बँडने दौरा काढला. अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रमाने. माझा सहकारी मला घेऊन गेला. स्टेजवर चार माणसं, त्यातली तीन १९८७ च्या ध्वनिमुद्रणात नव्हती. मी हट्टाने त्या तिघांकडेच बघत होतो. दुसऱ्याने बसवलेल्या जागा हे कसे वाजवतात? सांगतो, जीव ओतून वाजवत होते. बासवर टेरी डी कॅस्ट्रो होती, आणि ग्रेगरीच्या ओळी तिच्या बोटांत अशा बसल्या होत्या की जणू तिच्याच. पुढच्या रांगेतले चाळिशीतले टकले इंग्रज लहान पोरांसारखे उड्या मारत होते. त्यांना वाजवणारे कोण याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांची स्वतःची वीस वर्षं वाजत होती.

कार्यक्रम संपला आणि संपलाच. हा बँड 'वन्स मोअर' घेत नाही. टाळ्या वाजवा, ओरडा, परत येत नाहीत. आपल्याकडे असं केलं तर खुर्च्या उडतील! पण बाहेर आलो तर दाराशी टी-शर्ट आणि सीड्यांचं टेबल, आणि टेबलामागे घामाने भिजलेला खुद्द डेव्हिड गेज. सुटे पैसे मोजून देत होता. मी एक सीडी घेतली. एवढ्या गर्दीत माझ्याच्याने काही बोलवलं नाही, तो "चिअर्स" म्हणाला, मी मान हलवली.

ते टेबल मात्र डोक्यात राहिलं. त्या रात्री बसमध्ये मला दादाची आठवण आली, पण वेगळी. सुपारी संपल्यावर पहाटे दोनला आम्ही पोरं टेम्पोत आडवी व्हायचो, आणि दादा मांडवात यजमानांशी बिदागीची घासाघीस करत उभा असायचा. मग वायरी गुंडाळायचा. मग स्पीकर मोजायचा. मग ड्रायव्हरला चहा. हे त्याने माझ्या आधीही केलं आणि मी गेल्यावरही. आम्ही येऊन सुचेल ते ठेवून गेलो. ते उचलून रोज मांडायचं काम त्याचं.

गेजचं पुढेही तेच चाललंय. २००८ मध्ये त्याने शिकागोत अल्बिनीकडे 'एल रे' केला. त्याच वर्षी तिथेच 'जॉर्ज बेस्ट' पुन्हा पहिल्यापासून नव्या मंडळींसह ध्वनिमुद्रित केला आणि तो २०१७ मध्ये, मूळ अल्बमच्या तिसाव्या वर्षी, बाहेर काढला. तीच गाणी, माणूस मूळचा एकच. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. कुऱ्हाडीचं पातं बदललं, दांडा बदलला, तरी घाव ओळखू येतो. २००९ पासून ब्रायटनला 'ॲट द एज ऑफ द सी' नावाचा छोटा महोत्सव सुरू केला. २०२२ मध्ये पुन्हा बारा महिने बारा तबकड्या, या वेळी बहुतेक गाणी स्वतःची, एकूण चोवीस. त्यांतली बरीच त्याने 'स्लीपर' या बँडच्या जॉन स्टुअर्टबरोबर लिहिली. पहिल्या बारांच्या वेळी शेजारी असलेल्यांपैकी कुणी आता नव्हतं. अल्बिनी मे २०२४ मध्ये गेला.

आणि सोलोव्का? त्याने लेन लिगिन्सला घेऊन 'द युक्रेनियन्स' नावाचा बँड काढला. त्यांनी तर इंग्रजांच्या लाडक्या 'स्मिथ्स'ची गाणी युक्रेनी भाषेत म्हटली! म्हणजे बाहेर काढलेला माणूस आपली गोष्ट आपल्याबरोबर घेऊन गेला आणि तिचं त्याने घर बांधलं. मी काय केलं? मी स्टूल गेलं म्हणून काठ्याच खाली ठेवल्या. यात दादाचा दोष किती आणि माझा किती, हा हिशेब मी सत्तावीस वर्षं एकाच बाजूने मांडत आलो.

याचा अर्थ १९९८ मध्ये दादाचं बरोबर होतं असं नाही. न सांगता स्टुलावर दुसरा बसवणं वाईटच. पण नाव कुणाचं आणि सुरुवात कुणाची हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मी ते एकच समजून भांडत होतो. नाव जो टिकवतो त्याचं. सुरुवात ज्याला सुचली त्याची, फक्त हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. कीथ ग्रेगरीचं नाव मी वर लिहिलं ते त्यासाठीच.

तो व्हिडिओ चारदा बघून झाल्यावर रविवारी मी दादाला फोन लावला. तब्येत, पाऊस, मामीचं गुडघ्याचं दुखणं असं सगळं झाल्यावर हळूच म्हटलं, "दादा, ती सुरुवात अजून तीच हाय की."

"कुठली? पुणेरी?"

"पुणेरी?"

"तू बसवल्याली ती. तू पुण्याला गेल्यावर पोरं 'पुण्याच्या पाव्हण्याची' म्हणायची, मग त्याचं पुणेरी झालं. आताच्या पोरांना वाटतं पुण्याच्या ढोल पथकातली हाय."

"आणि तू सांगत नाहीस त्यांना?"

थोडा वेळ काहीच नाही. दीड मात्रेपेक्षा बरंच जास्त. मग म्हणाला, "कुणी इचारलंच न्हाई रे." आणि लगेच, "डिसेंबरात पोरीचं लगीन हाय. हळदीला येतोयस न्हवं?"

मी म्हटलं, "साउंडवर बसायला?"

यावर तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. म्हणाला, "ऑक्टोपॅड जुनाच हाय, तुझ्या येळचा. डावीकडचा एक पॅड मरतोय. जरा जोरात मारावं लागतंय."

असो. मी येतो म्हणालोय. काठ्या माळ्यावरून काढल्यात, हात अगदी लाकूड झालाय, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा दार वाजवून झालंय. आहेर काय न्यायचा ते बायकोवर सोडलंय.